लूवेस्टाइन: पुस्तकांच्या पेटीचा भुईकोट

नेदरलँड्समध्ये एकच मध्ययुगीन किल्ला पाहण्याएवढा वेळ हाताशी असेल, तर ॲम्स्टरडॅमजवळच्या सोयीच्या माउडरस्लॉटपेक्षा आडवाटेचा लूवेस्टाइन मी आधी सुचवीन. मास आणि वाल या नद्यांच्या संगमावर डर्क लूफ व्हान हॉर्न या सरदाराने चौदाव्या शतकात विटांनी बांधलेला हा भुईकोट. येथून जाणाऱ्या गलबतांकडून जकात घेणे त्याला जागेमुळेच सोपे गेले. पुढे त्याभोवती मातीचे बुरूज आणि रुंद खंदक आले, आणि सतराव्या शतकात तो राजकीय कैद्यांचा तुरुंग झाला.

किल्ल्याची खरी ख्याती आहे ती एका पेटीमुळे. कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियस यांना 1619 मध्ये जन्मठेपेवर येथे आणले गेले. अभ्यासासाठी त्यांच्याकडे पुस्तकांच्या पेट्या येत-जात असत आणि कालांतराने पहारेकरी त्या उघडून पाहीनासे झाले. हे हेरून पत्नी मारिया हिने 22 मार्च 1621 रोजी नवऱ्यालाच पेटीत बसवले, आणि मोलकरीण एल्शे ती पेटी होडीतून नदीपार गोर्कुमला सुखरूप घेऊन गेली. गंमत अशी की, अस्सल पेटी आपल्याकडेच असल्याचे ॲम्स्टरडॅम आणि डेल्फ्ट येथील संग्रहालयेही मानतात. लूवेस्टाइनमधील पेटीसमोर उभे राहिल्यावर मात्र हा वाद फिका पडतो, कारण गुडघे पोटाशी घेऊन, श्वास कोंडून एवढ्याशा जागेत पडून राहायचे म्हणजे काय, हे ती लाकडी पेटी न बोलता सांगते.

याच ग्रोशियस यांनी 1609 मध्ये समुद्र कोणाच्या मालकीचा नसतो असे मांडून पूर्वेकडील समुद्रावरचा पोर्तुगीजांचा हक्क नाकारला होता. समुद्रात जहाज नेण्यासाठी गोव्याच्या पोर्तुगीजांकडून घ्यावे लागणारे कार्ताज परवाने ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हा धागा जवळचा वाटेल.

आज किल्ल्यात संग्रहालय आहे, तेथे लग्ने लागतात आणि आवारातील जुन्या सैनिकी घरांत मुक्कामही करता येतो. पाण्याने प्रदेश बुडवून शत्रूला अडवणाऱ्या डच जलसंरक्षण रेषेचा भाग म्हणून 2021 पासून तो जागतिक वारशातही आहे. दारापर्यंत रेल्वे जात नाही, त्यामुळे हंगामात होडीने यावे; मोटारीने येणाऱ्याला संगमाचे महत्त्व तेवढे उमगत नाही. आतील जिने अरुंद आणि वळणाचे असल्याने गुडघेदुखी असणाऱ्यांनी तटावरूनच फेरी मारावी. नद्यांचा देखावा तेथूनही पुरेपूर दिसतो.