संडासाला दोन शोषखड्डे की सेप्टिक टँक?

खानापूरकडं घर बांधणारा आमचा भाचा यातच अडकलाय. खर्चात खड्डे स्वस्त. टँकीला काँक्रीट आलं, शिवाय दर दोन-तीन वर्षांनी उपसायची गाडी. ती बोळात शिरते का, आधी बघा. उपसलेला मैला कुठल्या ओढ्यात ओततात, तेही विचाराच. खड्ड्यांचं सोपं: एक भरला की दुसरा सुरू, बंद ठेवलेल्याचं एक-दोन वर्षांत कोरडं खत. मात्र पावसाळ्यात हातभरावर पाणी लागत असेल किंवा शेजारी विहीर असेल, तर खड्डे नकोतच. काळ्या रानातही पाणी जिरत नाही. जागा मुरमाड आणि विहीर लांब असेल, तर बिनधास्त खड्डे. नाहीतर टँक, पण तिचं पाणी थेट गटारीत न सोडता पुढं वाळू-खडीची गाळणी करा.