मॉडेल हेलिकॉप्टरमधली टर्बाइन: खान्देशात आठ महिन्यांच्या वापरानंतर

ऑक्टोबर ते मे असे आठ महिने, ऐंशीच्या आसपास उड्डाणं, ईसीयूच्या (इंजिन सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरच्या) नोंदीत १४ तास. हेलिकॉप्टर १.८ मीटर रोटरचं, इंधनासकट १३ किलोचं. बॉडी ग्लास फायबरची, आत दोन टप्प्यांची टर्बोशाफ्ट, म्हणजे शाफ्ट फिरवणारं टर्बाइन इंजिन. जळगाव-धुळे पट्ट्यात असं काही बसवायचं मनात असेल तर आधीच सांगून ठेवतो: इंजिन स्वतः सहसा बिघडत नाही. त्रास देतं ते इंजिनाच्या आधी असलेलं, म्हणजे इंधन आणि हवा, आणि नंतर असलेलं, म्हणजे उष्णता. पैसा आणि लक्ष तिकडे खर्च करा.

रचना थोडक्यात. पुढचा भाग गॅस जनरेटर. कॉम्प्रेसर आणि त्याला फिरवणारं टर्बाइन चाक एकाच शाफ्टवर, मिनिटाला लाखाच्या वर फेरे. तिथून सुटणारा गरम वायू मागच्या दुसऱ्या चाकावर जातो. हे चाक पहिल्या शाफ्टला कशानंही जोडलेलं नसतं, ते गिअरबॉक्समधून फक्त रोटर फिरवतं. (आपल्या हवाई दलाच्या चेतक हेलिकॉप्टरचं आर्तुस्त इंजिन एकाच शाफ्टचं, तो हिशोब इथे लावू नका.) रोटरचे फेरे ईसीयूचा गव्हर्नर सांभाळतो, आमच्याकडे १२०० वर ठेवलेत. पण जोर मागितल्यावर गॅस जनरेटरला वेग पकडायला सेकंद-दोन सेकंद लागतात. इलेक्ट्रिकवरून येणाऱ्याला हेच सर्वांत जड जातं. उतरताना पिच (पात्यांचा कोन) शून्यावर नेऊन मशीन खाली सोडलं, की गॅस जनरेटर आयडलकडे (सर्वांत कमी वेगाकडे) घसरतो. मग जमिनीजवळ एकदम पिच ओढला तर रोटर बसतो आणि शेपटी फिरते. उतरताना २ ते ३ अंश पिच कायम ठेवायचा, उतार लांबट घ्यायचा. एवढी सवय लागली की मशीन अगदी शांतपणे उतरतं.

आता इंधन. २० लिटर स्वच्छ पांढऱ्या केरोसिनमध्ये १ लिटर टर्बाइन ऑइल, म्हणजे ५ टक्के. हे तेल जळण्यासाठी नसतं. इंधनाचाच एक छोटा वाटा बेअरिंगमधून जातो आणि तेवढंच त्यांचं वंगण. मिश्रणात तेल विसरलं तर बेअरिंग गेलंच समजा, म्हणून कॅनवर मार्करनं तारीख आणि ‘तेल घातलं’ असं लिहून ठेवतो. दुचाकीचं टू-टी ऑइल चालेल का, असं सगळेच विचारतात. मॅन्युअलमध्ये परवानगी नसेल तर नको. रेशनच्या निळ्या रॉकेलला हातच लावू नका, ते कायद्यात बसत नाही. डिझेल चालतं, पण धूर आणि वास जास्त, आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेच्या गारठ्यात सुरू व्हायला कुरकुरतं. टर्बाइन ऑइल कातडीला लागू देऊ नये, मिश्रण करताना नायट्राइलचे हातमोजे घालावेत.

आठ महिन्यांत इंजिन हवेत तीनदा बंद पडलं आणि तिन्ही वेळा कारण एकच, नळीत हवा. नळी पारदर्शक ठेवा आणि बघा. मोहरीएवढे बुडबुडे गेले की आवाज थरथरतो, बोटभर लांबीचा हवेचा तुकडा गेला तर ज्योत विझू शकते. हवा शिरते ती जवळपास नेहमी पंपाच्या ओढणाऱ्या बाजूनं: टाकीतल्या क्लंकची (इंधन ओढणाऱ्या वजनदार टोकाची) मऊ नळी मानेशी चिरलेली, किंवा सांधा सैल. पंप आणि टाकीतलं अंतर कमीत कमी ठेवा, मध्ये एअर ट्रॅप (बुडबुडे अडवणारी छोटी टाकी) हवाच, आणि फिल्टर पंपानंतर दाबाच्या बाजूला. तिसऱ्या वेळी दोष टाकीच्या व्हेंटमध्ये, म्हणजे टाकीत हवा घेणाऱ्या नळीत, निघाला. मशीन दोन आठवडे शेडमध्ये उभं होतं, तेवढ्यात कुंभारीण माशीनं त्या नळीत माती भरली होती, मग पंपानं सांध्यातून हवा ओढली. आता व्हेंटला टोपी असते आणि तिला लाल फीत बांधलेली, म्हणजे काढायचं राहत नाही. एक कळकळीची विनंती: ठिबकच्या पाइपाचा तुकडा हाताशी असतो म्हणून इंधनाला जोडू नका. केरोसिननं तो फुगतो आणि सांधा आपोआप ढिला होतो.

नळी भरण्यासाठी ईसीयूमधून पंप चालवाल, तेव्हा इंजिनाकडे जाणारी नळी आधी काढून बाटलीत सोडा. ही एक पायरी चुकली की ज्वलनकक्षात इंधन साचतं आणि पुढच्या स्टार्टला एक्झॉस्टमधून हातभर ज्वाळा येते. साचलंच असेल तर एक्झॉस्टची बाजू खाली करून निथळू द्या, मग इग्निशन न देता नुसता स्टार्टर फिरवा. स्टार्टला ज्वाळा आलीच तर इंधन तोडा पण स्टार्टर फिरता ठेवा, आतली हवाच तिला बाहेर फेकते. आग बॉडीला लागली तरच सीओटूचा सिलिंडर वापरा. पावडरचा कधीच नको, ती पावडर बेअरिंगपर्यंत जाते आणि इंजिन संपतं. ईसीयूची बॅटरी अर्धवट चार्ज असली तरी स्टार्टला ज्वाळेचा हाच प्रकार होतो, कारण स्टार्टर हळू फिरतो, हवा कमी मिळते आणि ईजीटी (एक्झॉस्टचं तापमान) उसळतं. विश्रांतीतला व्होल्टेज फसवतो, लोड देऊन मोजा.

हवेबद्दल खान्देशात दोन गोष्टी खास आहेत. काळ्या मातीचा फुफाटा रोटर स्वतःच उडवतो आणि इंजिन तो गिळतं. खाली २ बाय २ मीटरचा प्लाय टाकून भोवती पाणी शिंपडलं तर पुरतं. दुसरी गोष्ट कापसाची. वेचणी ते फेब्रुवारी, जिनिंगच्या आसपास हवेत तंतू असतात. डोळ्यांना दिसतही नाहीत, पण चार उड्डाणांनंतर इनटेकची जाळी उजेडाकडे धरली तर तिच्यावर राखी रंगाची लोकरीसारखी साय बसलेली असते, आणि नखानं ओढली की अख्खी निघते. हवा कोंडते आणि त्याच पिचला ईजीटी ३०-४० अंशांनी वर सरकतं. त्या महिन्यांत प्रत्येक उड्डाणानंतर जाळी पुसावी. सुरू करताना नाक वाऱ्याकडे, नाहीतर स्वतःचाच गरम धूर इनटेकमध्ये परत येतो.

मे महिन्याचं गणित आधी करून ठेवा. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटरवर. ४५ अंशांना इथली हवा समुद्रसपाटीवरच्या १५ अंशांच्या हवेपेक्षा जवळपास १२ टक्के विरळ असते. म्हणजे रोटरला जास्त पिच लागतो आणि नेमकी तेव्हाच इंजिनाची ताकद घटलेली. आम्ही टाकी २.५ ऐवजी १.८ लिटर भरतो, अर्धा किलोच्या वर वजन वाचतं. हॉवरला (एका जागी तरंगताना) मिनिटाला १८० मिली जातं, म्हणजे ७ मिनिटांवर टायमर लावला की शिल्लक राहते. सकाळी आठनंतर उडवत नाही.

उष्णतेचा खरा मार इंजिन बंद केल्यावर बसतो. वारा थांबतो, धातूतली आग बॉडीत पसरते. घरी लावलेला इपॉक्सी ६०-७० अंशांना मऊ पडू लागतो आणि गडद रंगाची बॉडी नुसत्या उन्हातच तिथवर पोचते. एक्झॉस्टची नळी स्टेनलेसची दुहेरी घ्या आणि इंजिनाच्या तोंडाशी तिचा सांधा घट्ट करू नका. थोडी फट ठेवली तर धातूला प्रसरणाला जागा मिळते आणि त्याच फटीतून थंड हवा ओढली जाते. या भागातल्या स्क्रूंना निळा लॉकटाइट टिकत नाही, १८० अंशांच्या वर तो सोडतो. तिथे तार बांधा. बंद करताना ईसीयूचं कूलिंग पूर्ण होऊ द्या, ईजीटी १०० च्या खाली येईपर्यंत बॅटरी काढू नका, झाकण मात्र लगेच उघडा. आणि बांधावर वाळलेल्या पऱ्हाट्या रचलेल्या असतील तर त्या शेतात सुरूच करू नये.

गिअरच्या मेशसाठी (दातांमधल्या फटीसाठी) वहीच्या कागदाची पट्टी दातांमध्ये घालून स्क्रू आवळले, एवढी जागा बरोबर निघाली. १४ तासांत दात जसेच्या तसे आहेत. उत्पादकाची सर्व्हिस २५ तासांना आहे.

जागा निवडताना डिजिटल स्कायचा (सरकारच्या ड्रोन पोर्टलचा) नकाशा बघून घ्या. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय चालत नाही, त्यामुळे जळगाव विमानतळाजवळच्या नशिराबादकडची बरीच मोकळी रानं बाद होतात.

पावसाळ्यात मशीन ठेवून द्यायचं तर टाकी रिकामी करा, उरलेलं इंधन कॅनमध्ये परत न ओतता वेगळं ठेवा, कारण दमट हवेत त्यात पाणी उतरतं. इनटेक आणि एक्झॉस्टला कापडी टोप्या, लिपो बॅटरी प्रत्येक सेलला ३.८ व्होल्टवर, आणि महिन्यातून एकदा गॅस जनरेटर बोटानं हलकेच फिरवून बघा. बेअरिंग ठीक असेल तर तो आवाज न करता अलगद थांबतो.