लॉरा आरएससाठी जुनं इंजिन: घ्यायचं की आपलंच बांधायचं?

स्कोडा लॉरा आरएसच्या मीटरने दोन लाख ओलांडले आणि मागून निळा धूर दिसू लागला, की जळगाव असो वा धुळे, सल्ला ठरलेला असतो: "भाऊ, इंजिनच बदलून टाका." दिल्लीच्या मायापुरीतून किंवा मुंबईच्या कुर्ल्यातून लाकडी पट्ट्यांवर बांधलेलं इंजिन ट्रान्सपोर्टने येतं, चार दिवसांत बसतं आणि गाडी सुरू. हा रिव्ह्यू त्याच जुन्या इंजिनाचा. गाडी ऑइल खाते एवढ्याच कारणासाठी घेणार असाल तर पाचपैकी दीड. ब्लॉकच, म्हणजे पिस्टन ज्यात चालतात तो इंजिनाचा मुख्य सांगाडाच गेला असेल तर साडेतीन.

दीडच का, ते आधी. २०११ मध्ये आपल्याकडे आलेल्या या आरएसमध्ये १.८ टीएसआय, म्हणजे टर्बो लावलेलं पेट्रोल इंजिन आहे: १६० पीएस, २५० एनएम, सोबत सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स. नाव आरएस असलं तरी इंजिन साध्या लॉरा टीएसआयचं आणि त्या काळातल्या सुपर्बचंच. म्हणजे बाजारातून येणारं 'दुसरं' इंजिनही याच घराण्यातलं. आणि ऑइल खाणं हा या घराण्याचाच रोग. पिस्टनची ऑइल रिंग बारीक, तिच्यामागची ऑइल परत खाली सोडणारी भोकं लहान. भोकांत कार्बन साचतो, रिंग खाचेत चिकटते, बोअरच्या (पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळीच्या) भिंतीवरचं ऑइल खरवडलं जात नाही आणि पेट्रोलबरोबर जळतं. विकणारा ज्याला 'एक लाख चाललेलं' म्हणतो, त्या इंजिनातही पिस्टन तेच आणि टाइमिंग चेनचा (पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवणाऱ्या साखळीचा) टेन्शनर, म्हणजे तिला ताणून धरणारा भागही बहुधा तोच जुना. वर ते कुठल्या शेडमध्ये किती वर्षं कोरडं पडून होतं, कोण सांगणार? आगीतून उठून फुफाट्यात पडायला ट्रान्सपोर्टचं भाडं कशाला भरायचं?

त्याआधी गाडी नेमकं किती खाते ते मोजा. अंदाजाने बोलू नका. गरम इंजिन सपाट जागी बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक वरच्या खुणेपर्यंत भरा आणि १००० किमी चालवा. जळगाव ते धुळे एकेरी साधारण ९० किमी धरलं तर जाऊन-येऊन पाच-सहा फेऱ्या होतात. मग पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरायला किती लागलं ते मापाच्या भांड्याने मोजा. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये १००० किमीला अर्धा लिटरपर्यंत चालतं असं लिहिलेलं आहे, आणि इंजिनात ऑइल मावतं ४.६ लिटर. अर्ध्या लिटरच्या आत असाल तर इंजिनाला हात लावू नका. डिकीत ५डब्ल्यू-४०चा, व्हीडब्ल्यू ५०२ ०० लिहिलेला एक लिटरचा डबा ठेवा आणि गाडी चालवा. एक लिटरच्या पुढे गेलात तर मात्र प्लग आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर दोन्ही त्या ऑइलने मरतात. तिथे थांबण्यात अर्थ नाही.

मोजल्यानंतर रोग कुठे आहे ते शोधा, नाहीतर रोग रेड्याला आणि औषध पखालीला असं होतं. सगळ्यात स्वस्त संशयित म्हणजे इंजिनाच्या डोक्यावर बसलेला ऑइल सेपरेटर, म्हणजे इंजिनातल्या वाफेतून ऑइल वेगळं करणारा भाग. त्यातला रबरी पडदा फाटला की आयडलला शिट्टीसारखा आवाज येतो आणि चालू इंजिनाचं ऑइल कॅप आतून ओढल्यासारखं जड निघतं. हे इंजिन बरंच ऑइल या वाटेने पिऊ शकतं, आणि क्रँकचं मागचं सीलही त्यामुळेच गळू लागतं. भाग बदलायला तासाभराचं काम. तरीही इंजिन खाली उतरवल्यावरच याची आठवण होणारे मिस्त्री कमी नाहीत.

दुसरा संशयित टर्बो. इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा) पाइप काढून पाहा. आत ऑइलचा हलका थर असेल तर चालतं, पण डबकं साचलं असेल तर टर्बोचं सील गेलं. आता धुराची वेळ बघा. रात्रभर उभ्या गाडीने सकाळी स्टार्टला एक ढग सोडला आणि मग स्वच्छ चालली, तर व्हॉल्व्ह सील. कन्नडचा घाट इंजिन ब्रेकवर उतरून चाळीसगावच्या सपाटीला ॲक्सिलरेटर दाबल्यावर निळा लोट आला, तर रिंग किंवा व्हॉल्व्ह गाइड.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब, मोजून घ्याच, पण त्यावर सगळा निकाल देऊ नका. या इंजिनाचं नवीन कॉम्प्रेशन ११ ते १४ बार, झिजेची मर्यादा ७ बार, आणि सिलिंडरांमधला फरक ३ बारच्या आत हवा. घोळ असा की वरच्या दोन रिंगा ठीक असतील तर आकडे झकास येतात आणि तरी गाडी लिटरभर खाते, कारण दोषी तिसरी, ऑइल रिंग. "कॉम्प्रेशन मस्त आहे, ऑइल कंपनीच बदला" हा सल्ला इथूनच येतो. प्लगच्या भोकातून बोअरस्कोप (बारीक कॅमेरा) घालून पिस्टनच्या डोक्याच्या कडा बघा. कडेने कार्बन ऑइलने धुतलेला, ओला दिसला तर उत्तर मिळालं.

चेनकडे दुर्लक्ष करू नका, कारण ती ऑइल खाऊन नाही तर एका झटक्यात इंजिन मारते. टायमिंग कव्हरच्या खालच्या भागात रबरी बूच आहे. ते काढलं की टेन्शनर किती बाहेर आलाय ते खाचा मोजून कळतं. स्कॅनरवर ०९३ गटात कॅमशाफ्टच्या स्थितीचा आकडा शून्यापासून जितका लांब, तितकी चेन ताणलेली. जुना टेन्शनर अडकला की दात सुटतात, पिस्टन व्हॉल्व्हला धडकतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. तोवर उतारावर गाडी गिअरमध्ये सोडून उभी करू नका, आणि ढकलून तर कधीच चालू करू नका.

आता आपलं इंजिन बांधायचं तर. ब्लॉक बिडाचा आहे, म्हणून बोअर करता येतो. मूळ बोअर ८२.५ मिमी. झीज ०.०८ मिमीपेक्षा जास्त नसेल तर बोअर न करता फक्त होनिंग (भिंतीवर बारीक घासकाम) करून सुधारित पिस्टन-रिंग बसवा, जाड ऑइल रिंगवाले. विकत घेण्याआधी कनेक्टिंग रॉड काढून गजनपिन (पिस्टन रॉडला जोडणारी पिन) मोजा: बाजारात २१ मिमी आणि २३ मिमी दोन्ही पिनचे पिस्टन मिळतात. चुकीचा संच आला की परत पाठवण्यात आठवडा जातो.

खान्देशातल्या लेथवाल्यांचा हात ट्रॅक्टर आणि ट्रकच्या डिझेल इंजिनांवर बसलेला आहे. बोअर सरळ काढायला ते उत्तम. अडतं ते शेवटच्या होनिंगवर. डिझेलच्या मोठ्या पिस्टनला चालणारी फट आणि खरबरीत रेघा इथे चालत नाहीत. पिस्टन त्यांच्या हातात द्या, म्हणजे प्रत्येक बोअर त्याच्याच पिस्टनच्या मापाने होईल. काम झाल्यावर बोअर गेजने तीन उंचींवर, दोन दिशांनी घेतलेली मापं कागदावर लिहून मागा. जो लिहून देत नाही, त्याच्याकडे ब्लॉक ठेवू नका. हेडचं (ब्लॉकवर बसणाऱ्या, व्हॉल्व्हवाल्या वरच्या भागाचं) फेसिंग, म्हणजे पृष्ठभाग सपाट आहे का, तेही तिथेच तपासून घ्या, विशेषतः गाडी कधी तापली असेल तर. इनटेकच्या मागे थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपचं प्लास्टिकचं घर आहे. ते तडकून गळतं, आणि मे महिन्यात भुसावळच्या उन्हात ॲल्युमिनियमचं हेड वाकायला एकदाच तापणं पुरतं. इंजिन उघडं आहे तोवर ते बदलाच.

हेडचे, रॉडचे आणि मेनचे बोल्ट ताणून बसवायचे असतात, दुसऱ्यांदा वापरायचे नाहीत. "एकदम टाइट आहेत" हा दाखला नव्हे. बांधलेली इंजिनं पुन्हा बिघडतात त्याचं सर्वात फालतू कारण म्हणजे सिलिकॉन. सील लावताना हात सैल सुटला की जादा सिलिकॉन आत गळून पडतं, ऑइल पिकअपच्या जाळीत अडकतं आणि पहिल्याच महिन्यात बेअरिंग जातात. संप (इंजिनाखालचं ऑइलचं पात्र) उघडलाच आहे तर जाळी धुवा. डायरेक्ट इंजेक्शनमुळे इनटेक व्हॉल्व्हवर साचलेला कार्बनही याच वेळी काढा.

मग जुनं इंजिन कधी? रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला, क्रँकला बेअरिंग चिकटून जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत भाग) गेलं, किंवा ब्लॉकला तडा गेला, तेव्हा. तेव्हाही 'हाफ इंजिन' म्हणजे हेडशिवायचा खालचा भागच घ्या आणि आपलं हेड, टर्बो, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) ठेवा. आपला ईसीयू राहिला की इमोबिलायझरची (किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणाऱ्या यंत्रणेची) कटकट उरत नाही. ब्लॉकवरचा इंजिन कोड जुळायला हवा. ऑडी ए४ मधलं १.८ त्याच जातीचं असलं तरी गाडीत लांबीने बसतं, त्यामुळे माउंट आणि संप वेगळे. ते स्वस्त मिळालं म्हणून घेऊ नका. ऑटोमॅटिक सुपर्बचं इंजिन आलं तर फ्लायव्हील आणि क्लच आपल्या मॅन्युअलचाच चढवा. बसवण्याआधी नवा टेन्शनर, चेन आणि मागचं सील टाका, आणि ऑइल रिंगचं कामही तिथेच उरका. म्हणजे खर्चाचा मोठा भाग तसाच राहिला, वर इंजिनाची किंमत. "पंधरा दिवस टेस्टिंग वॉरंटी" म्हणजे स्टार्ट होईपर्यंतची वॉरंटी. ऑइल खाण्याबद्दल ती एक शब्द बोलत नाही.

कागदांचं एक. इंजिन बदललं की नंबर बदलतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करावी लागते. विकणाऱ्याकडून इंजिन नंबर लिहिलेली पक्की पावती आणि ज्या गाडीतून ते निघालं तिची कागदपत्रं घ्या. ती नसतील तर सौदा तिथेच सोडा. २०११ ची नोंदणी असेल तर २०२६ मध्ये पंधरा वर्षं होतात आणि फेरनोंदणीला गाडी इन्स्पेक्टरसमोर उभी राहते. तिथे ब्लॉकवरचा नंबर आणि आरसीवरचा नंबर वेगळा निघाला, की नवं-जुनं कसलंही इंजिन असो, गाडी आवारातच अडकते.