सीसीएनएच्या प्रॅक्टिस टेस्ट: सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

सीसीएनएसाठी (सिस्को कंपनीची नेटवर्किंगची प्रमाणपत्र परीक्षा) प्रॅक्टिस टेस्ट विकत घेताना एकूण प्रश्न किती आहेत ते पाहू नका. कुठलेही दहा प्रश्न उघडा आणि त्यांतले चुकीचे पर्याय नीट वाचा. चुकीचा पर्याय कोणी विचार करून लिहिलाय की नुसती जागा भरायला टाकलाय, यावरून त्या टेस्टची लायकी कळते. सात-आठ महिने वेगवेगळ्या टेस्ट वापरून माझं हे मत पक्कं झालंय.

मी महापेला एका डेटा सेंटरमध्ये नेटवर्क ऑपरेशन्सला आहे आणि राहते ठाण्यात, कोपरीला. शिफ्ट ड्युटीमुळे अभ्यास व्हायचा तो ठाणे-वाशी लोकलमध्ये, नाहीतर रात्रपाळीत अलार्म शांत असतील तेव्हा. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात एवढी डेटा सेंटर आलीत की एल-वनच्या (पहिल्या पातळीच्या सपोर्टच्या) जागांसाठी मुलं सतत इंटरव्ह्यूला येतात, आणि त्यांतली बरीचशी सीसीएनए करत असतात किंवा करून आलेली असतात. परीक्षेची फी ३०० डॉलर, वर कर. रुपयांत ती पंचवीस हजारांच्या पुढे जाते. नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलासाठी ही रक्कम लहान नाही. नापास झालात तर पुन्हा तेवढीच भरायची. म्हणून प्रॅक्टिस टेस्टच्या दर्जाबद्दल मी एवढं तपशिलात लिहितेय.

मी तीन प्रकारच्या टेस्ट वापरल्या. एक महागडा संच, फक्त प्रॅक्टिस परीक्षाच विकणाऱ्या कंपनीचा. दुसरा एका ऑनलाइन कोर्सच्या दुकानातला, सेलमध्ये चारपाचशे रुपयांत मिळालेला. तिसरं मोबाइलवरचं मोफत ॲप. नावं मुद्दाम देत नाही, कारण संच दर वर्षी बदलतात आणि आज चांगला असलेला उद्या जुना होतो. पारखायचं कसं ते कळलं की नावांची गरज उरत नाही.

महागड्या संचातला एक प्रश्न माझ्या शब्दांत सांगते. राउटरकडे १०.१०.०.०/१६ हा रूट ओएसपीएफकडून आलाय आणि १०.१०.२०.०/२४ हा रिपकडून (राउटर ज्यांच्याद्वारे एकमेकांना रस्ते कळवतात असे हे दोन प्रोटोकॉल). १०.१०.२०.७ ला जाणारं पॅकेट कुठल्या रूटने जाईल? उत्तर आहे रिपवाला रूट. कारण पॅकेट पुढे पाठवताना राउटर आधी जास्तीत जास्त जुळणारा प्रीफिक्स (पत्त्याचा सुरुवातीचा भाग; /२४ हा /१६ पेक्षा लांब) बघतो. ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्सची (माहिती कुठून आली त्यावर किती विश्वास ठेवायचा तो आकडा, कमी तेवढा चांगला) तुलना होते ती एकाच प्रीफिक्ससाठी दोन ठिकाणांहून माहिती आली तर, आणि तीही रूट टेबलमध्ये कोणाला घ्यायचं हे ठरवताना. इथं प्रीफिक्स वेगळे आहेत, त्यामुळे दोन्ही रूट टेबलमध्ये बसलेले आहेत. आता चुकीचे पर्याय बघा. पहिला म्हणतो ओएसपीएफ, कारण त्याचा डिस्टन्स ११० हा रिपच्या १२० पेक्षा कमी आहे. दुसरा म्हणतो ओएसपीएफ, कारण त्याचा मेट्रिक (रस्त्याची किंमत) बँडविड्थवर ठरतो आणि रिपचा फक्त हॉप, म्हणजे वाटेतले राउटर, मोजतो. तिसरा म्हणतो दोन्ही रूटवर ट्रॅफिक वाटला जाईल. प्रत्येक पर्यायात एक खरा गैरसमज आहे. पहिला निवडणाऱ्याला डिस्टन्स पाठ आहे पण तो कधी लागू होतो ते माहीत नाही. तिसरा निवडणाऱ्याच्या डोक्यात लोड बॅलन्सिंगची अट स्पष्ट नाही. स्पष्टीकरणात प्रत्येक पर्याय का चुकला ते वेगळं लिहिलेलं होतं, म्हणून तुम्ही कुठलंही उत्तर दिलंत तरी तुमचा नेमका गोंधळ तुम्हाला कळतो.

याच विषयावर मोफत ॲपमध्ये प्रश्न होता: ओएसपीएफचा डिस्टन्स किती? पर्याय ९०, ११०, १२०, २००. प्रश्न चूक नाही, आकडा माहीत असायलाच हवा. पण असे शंभर प्रश्न बरोबर आले तरी समोर रूट टेबल ठेवल्यावर मुलगा अडकतो, आणि आपण का अडकलो ते त्याला समजत नाही.

आणखी एक उदाहरण देते, कारण ते थेट आमच्या कामातलं आहे. एका स्विचवर पाच राउटर जोडलेत, सगळ्यांवर ओएसपीएफ, एकच एरिया (ओएसपीएफचा विभाग). त्यातल्या एकावर शेजारी राउटरांची यादी काढली तर दोन फुल (माहितीची पूर्ण देवाणघेवाण झालेले) दिसतात, एक डीआर (त्या नेटवर्कचा मुख्य राउटर) आणि एक बीडीआर (त्याचा पर्यायी). बाकी दोन टूवे (फक्त एकमेकांची ओळख झालेल्या) स्थितीत. प्रश्न असा की बिघाड कुठे आहे? बिघाड नाहीच. अशा सामायिक नेटवर्कवर जे डीआरही नाहीत आणि बीडीआरही नाहीत ते आपापसांत टूवेवरच थांबतात, फुल होतात ते फक्त डीआर आणि बीडीआरशी. चुकीचे पर्याय होते एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) जुळत नाही, हॅलो टायमर (शेजाऱ्याला हाक द्यायची वेळ) जुळत नाही, एरिया नंबर चुकलाय. स्पष्टीकरणात लिहिलं होतं की एमटीयूचा घोळ असता तर शेजारी एक्सस्टार्ट किंवा एक्सचेंज या फुलच्या आधीच्या पायऱ्यांवर अडकले असते. टायमर किंवा एरिया चुकला असता तर ते शेजारी म्हणून यादीत आलेच नसते. एका प्रश्नात तीन वेगवेगळे बिघाड कसे दिसतात ते शिकवून झालं. आमच्याकडे रात्रपाळीला नव्या मुलांनी टूवे बघून बिघाडाचं तिकीट वरच्या टीमकडे पाठवल्याचं मी पाहिलंय. त्यांना हा प्रश्न आधी भेटला असता तर बरं झालं असतं असं मनापासून वाटतं.

स्वस्त संचाची खरी अडचण उत्तरांची होती. त्यात ठामपणे लिहिलं होतं की एक्झिट इंटरफेस (बाहेर पडायचा पोर्ट) देऊन हाताने टाकलेल्या स्टॅटिक रूटचा डिस्टन्स शून्य असतो. तो एक असतो. हा गैरसमज खूप जुना आहे. टेबलमध्ये अशा रूटपुढे 'डायरेक्टली कनेक्टेड' असं दिसतं, त्यावरून लोक शून्य धरून चालतात. राउटरवर त्या एका रूटचा तपशील मागवला की डिस्टन्स १ असं सरळ छापून येतं. दुसऱ्या एका प्रश्नात दोन राउटरांमधल्या लिंकसाठी /३० (चार पत्त्यांचं नेटवर्क) हेच एकमेव बरोबर उत्तर धरलं होतं आणि /३१ (दोन पत्त्यांचं) चुकीचं. पॉइंट टू पॉइंट लिंकवर /३१ चालतो, त्यासाठी आरएफसी (इंटरनेटचा मानक दस्तऐवज) ३०२१ आहे. सन २०००ची. अशी चूक नवख्या मुलाच्या डोक्यात बसली की पुढे काढणं फार अवघड जातं, कारण टेस्टमध्ये हिरवी खूण आलेली असते.

महागड्या संचातही मला एक उत्तर संशयास्पद वाटलं होतं. मी कळवलं, काही दिवसांत उत्तर आलं आणि पुढच्या अपडेटमध्ये प्रश्न दुरुस्त झाला. स्वस्त संचात कळवायची सोय होती, पण काही झालं नाही. एकही चूक नसलेला संच मी पाहिलेला नाही. चूक दाखवल्यावर ती सुधारली जाते का, हे मी आता विकत घेण्याआधी तपासते. प्रश्नाखालच्या चर्चेत जुन्या तक्रारी तशाच पडल्या असतील तर पैसे घालू नका.

संच जुना आहे का हे ओळखायला अर्धा तासही लागत नाही. आत्ताच्या परीक्षेचा कोड २००-३०१, आवृत्ती १.१, ऑगस्ट २०२४ पासून लागू. या आवृत्तीत पपेट आणि शेफ ही ऑटोमेशनच्या साधनांची नावं अभ्यासक्रमातून गेली, अँसिबल राहिलं आणि टेराफॉर्म आलं. स्पॅनिंग ट्रीमध्ये (स्विचमधले लूप रोखणारा प्रोटोकॉल) रूट गार्ड, लूप गार्ड, बीपीडीयू फिल्टर यांचा उल्लेख आला. नेटवर्क चालवण्यात एआय आणि मशिन लर्निंगचा वापर हा मुद्दाही आला. संचात पपेट-शेफवर प्रश्न आहेत आणि टेराफॉर्मवर एकही नाही, तर मुखपृष्ठावर काहीही लिहिलेलं असो, तो संच जुना. ईआयजीआरपी (आणखी एक राउटिंग प्रोटोकॉल) किंवा रिपचं कॉन्फिगरेशन विचारलं असेल तर तो त्याहूनही मागचा, फेब्रुवारी २०२० ला बंद झालेल्या परीक्षेच्या काळातला. वरच्या उदाहरणासारखं रिपचं नुसतं नाव तुलनेसाठी आलं तर हरकत नाही.

विषयांचं वजनही पडताळून बघा. सिस्को ते जाहीर करतं: नेटवर्कची मूलतत्त्वं २० टक्के, नेटवर्क ॲक्सेस २०, आयपी कनेक्टिव्हिटी २५, आयपी सर्व्हिसेस १०, सुरक्षा १५, ऑटोमेशन १०. म्हणजे राउटिंगला चौथा हिस्सा. मोफत ॲपमध्ये ओएसआयचे (नेटवर्क समजावणारं मॉडेल) थर आणि पोर्ट नंबर यांवरच ढीगभर प्रश्न होते, कारण ते लिहायला सोपे. ऑटोमेशनवर जवळपास काहीच नव्हतं. जेसनचा (डेटा लिहायची एक पद्धत) तुकडा देऊन त्यात ॲरे कुठला, ऑब्जेक्ट कुठला असं विचारणारा साधा प्रश्नसुद्धा नाही.

गुणांबद्दल मुलं मला सर्वांत जास्त विचारतात. किती टक्के पडले की परीक्षा बुक करायची? निकाल ३०० ते १००० या पट्टीवर असतो आणि पास व्हायचा आकडा सिस्को जाहीर करत नाही. कुठल्या टेस्टने 'एवढ्याला पास' असं छातीठोक सांगितलं तर तो त्यांचा अंदाज आहे. माझ्या लेखी फक्त पहिल्या खेपेचे गुण खरे. दुसऱ्यांदा तोच संच सोडवला की प्रश्नाचं चित्र बघताच उत्तर आठवतं आणि टक्केवारी फुगते. म्हणून मी महागड्या संचातली एक पूर्ण परीक्षा उघडलीच नाही, शेवटच्या आठवड्यांसाठी राखून ठेवली. ती घरी दार लावून, एका बैठकीत, १२० मिनिटं लावून सोडवली. तिचे गुण आणि आधीच्या रिव्हिजनचे गुण यांत चांगलाच फरक होता, आणि परीक्षेच्या आधी काय वाचायचं ते मला त्या फरकातून कळलं.

परीक्षेची रीतही टेस्टमध्ये उतरायला हवी. सिस्कोच्या परीक्षेत पुढे गेलात की मागे येता येत नाही. स्वस्त संचात प्रश्न राखून ठेवून नंतर परत यायची सोय होती आणि मला ती नुकसानीची वाटते. अवघड सबनेटिंग (नेटवर्कचे लहान भाग पाडायची आकडेमोड) नंतर बघू म्हणायची सवय हाताला लागते, आणि खऱ्या परीक्षेत तिथंच निर्णय घ्यावा लागतो. आमच्यातल्या एकीने सीसीएनएऐवजी कॉम्पटिया या दुसऱ्या संस्थेची नेटवर्क प्लस दिली. तिथं ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न, १०० ते ९०० च्या पट्टीवर ७२० ला पास, आणि प्रश्न खूण करून परत येता येतं. तिला तीच सोय कामी आली. आपण कुठली परीक्षा देतोय त्याप्रमाणे टेस्ट निवडा.

लॅबच्या प्रश्नांसाठी मात्र कुठल्याही टेस्टवर विसंबू नका. महागड्या संचात लॅब आहेत, पण त्या ठराविक कमांडच्या पलीकडे जाऊ देत नाहीत. पॅकेट ट्रेसर (सिस्कोचं, नेटवर्कची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) फुकट मिळतो, त्यात ट्रंक, ओएसपीएफ, नॅट, एसीएल पुन्हा पुन्हा बांधा आणि मोडा. प्रश्नात एखादं एक्झिबिट (सोबतची आकृती) आलं की मी तेच नेटवर्क पॅकेट ट्रेसरमध्ये उभं करून उत्तर तपासायचे. वेळ खूप जातो, पण वर सांगितलेली उत्तरांतली गडबड मला त्यामुळेच पकडता आली. लोकलमध्ये मोबाइलवर हे जमत नाही. तिथं सबनेटिंग आणि पोर्ट नंबर करायचे, त्यासाठी मोफत ॲप पुरेसं आहे.

डम्प्सबद्दल (खऱ्या परीक्षेतून बाहेर काढलेले प्रश्न) स्पष्ट लिहिते. व्हॉट्सॲपवर पीडीएफ फिरतात, काही क्लासवाले फीमध्येच देतात. परीक्षेआधी आपण गोपनीयतेचा करार मान्य करतो, डम्प्स वापरणं त्याच्या विरुद्ध आहे आणि सिस्को प्रमाणपत्र काढून घेऊ शकतं. एवढ्यावर भागत नाही. डम्पमध्ये चुकीच्या पर्यायांचं स्पष्टीकरणच नसतं, नुसतं 'ब' किंवा 'क' लिहिलेलं असतं, आणि तेही पुष्कळदा चुकीचं. एल-वनच्या इंटरव्ह्यूत मी बसते तेव्हा उमेदवारासमोर रूट टेबल ठेवते आणि विचारते, हे पॅकेट कुठं जाईल आणि दुसऱ्या रूटने का जाणार नाही? प्रमाणपत्र हातात असलेली मुलं 'का नाही'ला गप्प होतात. चांगल्या घरची, कष्टाळू मुलं असतात ती, कर्ज काढून क्लास लावलेली. त्यांना कोणी योग्य टेस्ट हातात दिली असती तर त्याच मेहनतीत ती तयार झाली असती, आणि याचा मला फार राग येतो.

खरेदीबद्दल शेवटचं. महागडा संच अभ्यासाच्या पहिल्या दिवशी घेऊ नका. बहुतेक ठिकाणी मुदत चालू होते ती ॲक्टिव्हेट केल्यापासून. निम्म्याहून जास्त अभ्यासक्रम एकदा वाचून झाला, सबनेटिंग कागदाशिवाय जमायला लागलं, की मग घ्या. त्याआधी त्यांचा मोफत नमुना उतरवा आणि त्यात ओएसपीएफ किंवा स्पॅनिंग ट्रीचा एखादा प्रश्न शोधा. तो मुद्दाम चुकीचा सोडवा. मग स्पष्टीकरणात तुम्ही निवडलेल्या पर्यायाबद्दल काय लिहिलंय ते वाचा. काहीच लिहिलेलं नसेल तर पुढचा संच बघा.