‘परदेशी लायसन्सवर सगळे क्लास चढतात’ म्हणणाऱ्या एजंटपासून सावध

“मॅडम, अमेरिकेचं लायसन्स आहे ना? मग इथे सगळंच चढतं. टू-व्हीलर, फोर-व्हीलर, ट्रान्सपोर्ट. टेस्ट नाही, काही नाही.”

पुण्यात आरटीओच्या आसपास कुणी हे वाक्य ऐकवलं, तर त्याला पैसे देऊ नका. माझे अठरा हजार याच वाक्यावर गेले.

बारावीनंतर मी शिकायला कॅलिफोर्नियात गेले, पुढे नोकरीही तिथेच केली आणि गाडी चालवायला शिकले तीही तिथेच. इथलं लायसन्स कधी काढलंच नव्हतं. (ट्यूशनला जाताना अर्धं कोथरूड बिनलायसन्सची स्कूटर पळवतं, तो विषय वेगळा.) परत आल्यावर परदेशी लायसन्सवरून भारतीय लायसन्स करून घ्यायचं होतं. बाबांच्या मित्रांनी एका एजंटचं नाव सुचवलं. संगम पुलाच्या परिसरात त्याचं टेबल. बोलणं गोड, बाबांना ‘काका’ आणि मला ‘मॅडम’. चहा आधीच सांगितलेला.

त्याची मेख होती एका अक्षरात. माझ्या लायसन्सवर ‘क्लास सी’ छापलेलं आहे. त्यावर बोट ठेवून तो म्हणाला, “सी म्हणजे कमर्शियल. कमर्शियल असलं की खालचे क्लास आपोआप येतात.” हे धादांत खोटं होतं. कॅलिफोर्नियात सी म्हणजे साधी चारचाकी. मोटरसायकलसाठी तिथे एम-वन हा वेगळा क्लास घ्यावा लागतो आणि तो माझ्याकडे नव्हता. न्यूयॉर्कच्या लायसन्सवर साध्या गाडीला डी लिहितात. ब्रिटन आणि युरोपात तीच गाडी बी असते, दुचाकी ए असते आणि डी म्हणजे चक्क बस. त्यामुळे ज्याला न्यूयॉर्कचा डी दाखवाल तो ‘तुम्हाला बसचं मिळतंय’ असंही सांगू शकतो. जागोजागची अक्षरं वेगळी आणि या लोकांचा धंदा नेमका त्याच गोंधळावर चालतो. माझ्या लायसन्सच्या मागच्या बाजूला अक्षराचा अर्थ बारीक टायपात छापलेला आहे. तो वाचला की एजंटची निम्मी हवा जाते.

आता आपला कायदा काय म्हणतो ते. मोटार वाहन कायदा 1988, कलम 9. परदेशातल्या अधिकृत यंत्रणेनं दिलेलं लायसन्स असेल तर ड्रायव्हिंग टेस्टमधून सूट मिळते, मेडिकल सर्टिफिकेट मात्र लागू शकतं. पण ही सूट ज्या वर्गाचं वाहन चालवायचा परवाना तुमच्याकडे आधीपासून आहे, त्याच वर्गापुरती. माझ्याकडे फक्त गाडीचं होतं, म्हणून मला सूट फक्त एलएमव्हीची, म्हणजे हलक्या मोटारीची. गिअरवाल्या दुचाकीचा एमसीडब्ल्यूजी आणि बिनगिअरच्या स्कूटरचा एमसीडब्ल्यूओजी हे आपल्याकडे वेगळे वर्ग आहेत. ते हवे असतील तर लर्निंग लायसन्स काढा, टेस्ट द्या, इतरांसारखंच.

आणि ट्रान्सपोर्ट, म्हणजे भाड्यानं माणसं किंवा माल नेणारी वाहनं? त्याचं तर लर्निंगसुद्धा एलएमव्हीचं लायसन्स किमान एक वर्ष हातात असल्याशिवाय मिळत नाही. हे कलम 7 मध्ये स्पष्ट लिहिलंय. पहिल्याच दिवशी ट्रान्सपोर्ट चढवून देणारा माणूस एकतर कायदा मोडतोय किंवा काहीच चढवत नाहीये. माझ्या बाबतीत दुसरं खरं निघालं.

अठरा हजारांचा हिशेब त्यानं कागदावर लिहून दिला. तीन क्लासची फी, ‘क्लास मॅपिंग’, ‘अमेरिकन व्हेरिफिकेशन’. सरकारी दर यापुढे ठेवून बघा. केंद्रीय नियमांत लर्निंगचे एका वर्गाला 150 रुपये, ड्रायव्हिंग टेस्टचे एका वर्गाला 300, लायसन्सचे 200 आणि स्मार्ट कार्डाचे वेगळे. ‘क्लास मॅपिंग’ नावाची फी त्या यादीत कुठेच नाही.

काही आठवड्यांनी पोस्टानं कार्ड घरी आलं. कार्ड खरं होतं, पण वर्गाच्या रकान्यात एकटं एलएमव्ही. त्याला फोन केला तर म्हणाला, “टू-व्हीलर सिस्टीमला चढलीय हो, कार्डावर पुढच्या प्रिंटला येईल. तोवर पीडीएफ पाठवतो, पोलिसाला तीच दाखवा.” पीडीएफ आलीही. तीवर माझा फोटो, माझा लायसन्स नंबर आणि खाली तिन्ही वर्ग. बघणाऱ्याला शंका येऊ नये इतकं सफाईदार काम.

पुढे कर्वे रस्त्यावर स्कूटर अडवली. ट्रॅफिक पोलिसानं पीडीएफकडे ढुंकूनही बघितलं नाही. मशीनमध्ये नंबर टाकला आणि म्हणाला, “ताई, हे फक्त चारचाकीचं आहे.” वर्ग नसताना वाहन चालवणं म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं बिनलायसन्सच. कलम 3/181 खाली पाच हजार दंड. स्कूटर बाबांच्या नावावर, म्हणून बिनलायसन्सवालीच्या हाती गाडी दिल्याबद्दल 5/180 खाली मालकाला आणखी पाच हजार. बाबा निवृत्त बँक अधिकारी. आयुष्यात सिग्नल न तोडलेला माणूस. त्यांचा चेहरा बघण्यापेक्षा दंड दुप्पट भरला असता तर परवडलं असतं.

दंडावर निभावलं हे तरी बरं. त्या दिवशी कुणाला धडकले असते तर? अशा प्रकरणात विमा कंपनी जखमीला भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करायला मागे लागू शकते आणि आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते. हे एजंट सांगत नाही. त्याच्या लेखी काम पीडीएफपाशी संपतं.

संध्याकाळी मी परिवहनच्या संकेतस्थळावर लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकली. वर्ग एकच. मग सारथी या लायसन्सच्या सरकारी पोर्टलवरचा मूळ अर्ज उघडला. अर्ज क्रमांकाचा एसएमएस माझ्याच मोबाईलवर आला होता. अर्जात पहिल्यापासून एलएमव्हीच भरलेलं होतं. म्हणजे दुचाकी कुठे अडकलीच नव्हती, त्यानं ती मागितलीच नव्हती. फी एका वर्गाची भरली, पैसे तिन्ही वर्गांचे घेतले.

म्हणून ज्यांना हे काम करायचंय त्यांच्यासाठी. अर्ज सबमिट करताना शेजारी बसा आणि वाहनवर्गाच्या रकान्यात काय टिक केलंय ते डोळ्यांनी बघा. पैसे भरल्याची सरकारी पावती मागा, तिच्यावर कशाचे किती ते वेगवेगळं लिहिलेलं असतं. ओटीपी फोनवर सांगू नका. आणि एजंट हवाच कशाला, हाही प्रश्न आहे. लर्निंग आता आधारवरून घरबसल्या निघतं. तीस दिवस झाले की टेस्ट देता येते, लर्निंग सहा महिने चालतं. मी नंतर दुचाकीचं तसंच काढलं. आळंदी रोडला टेस्टला जाऊन स्कूटरनं आठाचा आकडा काढला, पाय टेकला नाही, पास झाले. कुणी एक रुपया मागितला नाही.

असाच फसवा धंदा इंटरनॅशनल परमिटचाही चालतो, फक्त दिशा उलटी. इथून बाहेर जाणाऱ्यांना ‘दहा वर्षांचं इंटरनॅशनल लायसन्स’ विकतात. खरं परमिट आरटीओच देतं, फी 1000 रुपये, मुदत एक वर्ष, आणि त्यावरही तुमच्या मूळ लायसन्सवर जे वर्ग आहेत तेवढेच येतात.

एजंटला पुन्हा गाठलं तेव्हा आधी म्हणाला, “सर्व्हर प्रॉब्लेम.” मग, “तुम्हीच घाई केलीत.” बनावट पीडीएफचा विषय काढून पोलीस ठाण्याचं नाव घेतल्यावर सहा हजार यूपीआयनं परत आले, बाकीचे नाहीत. तक्रार दिली आहे. ठाण्यात पहिला प्रश्न आला तो पुराव्याचा. त्याचं चॅट, ती पीडीएफ, यूपीआयचे व्यवहार आणि हिशेबाचा तो कागद हे सगळं माझ्याकडे होतं, म्हणून अर्ज घेतला गेला. ऑनलाइन पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन करा. आणि तुमच्याकडेही अशी पीडीएफ आली असेल तर रागाच्या भरात चॅट पुसू नका. आधी लायसन्स नंबर टाकून खरा वर्ग तपासा आणि तो दिसेपर्यंत स्कूटर घरीच ठेवा.