दात परदेशात करावेत की घराजवळ?

हंगेरीतलं मोशोनमाज्यारोवार आणि मेक्सिकोतलं लॉस अल्गोदोनेस ही गावं दातांच्या दवाखान्यांसाठीच ओळखली जातात. तिथे खर्च कमी येतो, हे खरंच. पण परतीचं तिकीट हातात असलं की घाई होते. व्हेनियरसाठी, म्हणजे दातावर पुढून चिकटवायच्या पातळ पापुद्र्यासाठी, दाताच्या दर्शनी बाजूचा साधारण अर्धा मिलिमीटर थर घासतात; कॅपसाठी, म्हणजे अख्ख्या दातावर बसणाऱ्या टोपीसाठी, मात्र दात चहूबाजूंनी १ ते २ मिलिमीटर कोरतात. घासलेलं इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, पुन्हा येत नाही! म्हणून यातलं नेमकं काय बसवणार, हे जाण्याआधीच लेखी घ्या.

घराजवळचा डॉक्टर महाग पडतो. पण चावताना नवा दात उंच लागला, तर दुसऱ्याच दिवशी जाऊन घासून घेता येतो. इम्प्लांट, म्हणजे नव्या दातासाठी जबड्यात बसवलेला स्क्रू, हाडात रुजायला तर बहुधा ३ ते ६ महिने लागतात, म्हणजे परदेशवारी दोनदा. ते मी जवळच करून घेईन.