गोठा तपासावा की बैल?

बैलाचं बरं चाललंय का हे बघायचं, तर गोठ्याची तपासणी सोपी. गव्हाणीत कुटार आहे का, पाणी स्वच्छ आहे का, छत पत्र्याचं आहे का, खाली मुरूम की चिखल; दहा मिनिटांत उरकते. पण त्यातून फक्त सोय कळते. हौद काठोकाठ भरलेला आणि दावं इतकं आखूड की बैलाचं तोंडच पोचत नाही, असंही असतं.

बैल तपासायला वेळ लागतो, पण खरं तिथंच कळतं. वखरावरून आल्या आल्या नको, आकडा फुगतो. सावलीत निवांत झाल्यावर श्वासानं होणारी कुशीची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजा. श्वास 60 च्या वर, तोंड उघडं, लाळ गळते, तर उन्हाचा ताण आहे. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. लगेच बसली नाही तर अंगात पाणी कमी आहे. खांद, म्हणजे जू टेकतं ती जागा, तळहातानं दाबा. गरम लागली, बैलानं अंग चोरलं, तर जू बंद. पोळ्याच्या खांदमळणीपर्यंत, म्हणजे सणाला खांद चोळतात तोवर, थांबणं हा त्या जिवावर अन्याय आहे.

भीती ओळखायची तर हात पुढे करून समोरून सावकाश चालत जा आणि तो किती अंतरावर मागे सरतो ते बघा. परक्याला बुजणं समजू शकतं. रोज चारा टाकणाऱ्यालाच बुजत असेल तर पराणी, म्हणजे टोचायची काठी, जास्त चालते आहे. आखूड बांधलेल्या बैलावर ही चाचणी फसते, कारण त्याला सरकायला जागाच नसते. तिथं डोळ्याचा पांढरा भाग किती दिसतो ते पाहा.

एकच करणं शक्य असेल तर बैल तपासा. दोष सापडला की कारण शोधायला गोठ्यात शिरा, आणि आधी दाव्याची लांबी मोजा.